चाळीस अंशांचा कोंबडा

जेवणाच्या टेबलावर जेवण ठेवायला जागा नाही, याला आता तीन आठवडे होत आले होते. अंदाजेसाहेब ताट मांडीवर घेऊन जेवत आणि समोरच्या लोकरीच्या ढिगाकडे बघत. ढिगाबद्दल त्यांचं मत होतं, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

अंदाजे हे त्यांचं आडनाव नव्हे. एकतीस वर्षं हवामान खात्यात काढून ते निवृत्त झाले होते. छत्री न्यावी की नको, हे शेजारी रोज सकाळी त्यांना विचारत आणि नेमकं उलट करत. कुणीही कधी भिजलं नाही. त्या कृतज्ञतेतून हे नाव पडलं होतं. त्यांच्या पत्नीने बरीच वर्षं शाळेत शिवण शिकवलं, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना बाई म्हणे. साहेब तोंडाने "अगं" म्हणत, पण मनातल्या मनात तेही बाईच म्हणत.

बाई गालिचा करणार होत्या. लाकडी चौकटीवर तरट ताणायचं, जुन्या लोकरी कपड्यांच्या बारीक पट्ट्या कापायच्या आणि आकड्याने एकेक फास तरटातून वर ओढत चित्र भरत जायचं, असं ते काम. साहेबांनी त्याला एकदा पायपुसणं म्हटलं होतं. नंतर दोन दिवस त्यांनी आपला चहा आपणच करून घेतला.

गालिचा मुलीच्या नव्या घरासाठी होता. चित्रही ठरलं होतं. मधोमध ऐटदार कोंबडा, भोवती पानं. घोडं अडलं होतं कोंबड्याच्या रंगावर.

साहेबांची थोरली बहीण आक्का. तिने गालिच्यासाठी आपला कोट दिला होता. कोट पिवळा होता. पुढे रस्त्याचं काम चालू आहे अशी पाटी असते ना, तसा पिवळा. देताना आक्का म्हणाली होती, "कोंबडा माझ्या कोटाचा झाला पाहिजे. पानाबिनात घालायचा असेल तर कोट परत दे."

बाईंची थोरली बहीण माई. तिने शाल दिली होती. दौत उपडी झाल्यासारखी जांभळी. "मला कडेला टाकू नकोस हं," ती म्हणाली होती, "मला कडेला बसायची सवय नाही."

आता दोन थोरल्या बहिणी आणि कोंबडा एक. शिवाय या दोघी चार वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. मुलीच्या लग्नात नवरीशेजारी कुणी उभं राहायचं, यावरून वाद झाला आणि दोघीही एकाच जागी उभ्या राहिल्या. तो फोटो हॉलमध्ये लावलेला आहे. त्यात आक्का आहे, माई आहे आणि नवरीचं कोपर आहे.

मुलीचा फोन आठवड्यापूर्वीच येऊन गेला होता. "आई, नव्या घरी दोघीही जेवायला आल्या पाहिजेत. एक आली आणि एक नाही, असं होणार असेल तर मी कुणालाच बोलावत नाही. आणि हे बघ, पिवळं काही पाठवू नकोस."

"बरं."

"जांभळंही नको."

बाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ भिंतीकडे बघत बसल्या. भिंतीवर साहेबांना निरोपसमारंभात मिळालेलं तापमापक होतं. गोल, पितळी, काट्याचं. त्याच समारंभात पांढरा लोकरी मफलरही मिळाला होता. साहेब तो घरातसुद्धा गुंडाळून बसत, कारण त्यांच्या अंदाजाने गारठा पडणार असे.

शनिवारी चार वाजता आक्का आणि माई, दोघींना रंग बघायला बोलावलेलं होतं. एकीला दुसरी येणार हे सांगितलेलं नव्हतं. सकाळी दहाला बाई तरट आणायला निघाल्या.

"तेवढं कापड धुवून ठेवा," त्या म्हणाल्या. "तुकडे करून ठेवलेत. न धुता पट्ट्या कापल्या की धागे सुटतात."

"धुतो."

"कोमट पाण्यात."

"कोमट म्हणजे नक्की किती?"

हा प्रश्न येणारच होता. बाईंनी भिंतीवरचं तापमापक काढून त्यांच्या हातात दिलं. "चाळीस. अंदाजे नको, मोजून करा. काटा चाळीसवर आला की गॅस बंद. मग वाटीभर व्हिनेगर घाला आणि गार होऊ द्या."

"सगळं एकदम घालू?"

"एकेक रंग वेगळा. पातेलं मात्र एकच मोकळं आहे, बाकीची भिजत घातलीत. बाराच्या आत उरका."

साहेबांना सूचना आवडल्या. आकडा होता, क्रम होता, वेळेची मुदत होती. खात्यात असताना अशा सूचना त्यांनी खालच्यांना दिल्या होत्या आणि वरच्यांकडून घेतल्या होत्या. पाळल्या कुणीच नव्हत्या, ती गोष्ट वेगळी.

पातेलं गॅसवर चढलं. साहेबांनी तापमापक सुतळीने डावाला बांधून पाण्यात सोडलं आणि कोटाचे पिवळे तुकडे टाकले. काटा बत्तीसवर होता. पाच मिनिटांनी बघितलं, बत्तीस. दहा मिनिटांनी बत्तीस. पाण्यातून वाफा निघत होत्या, पण एकतीस वर्षांच्या अनुभवाने साहेबांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. डोळ्यांना काहीही दिसो, नोंद उपकरणाची करायची.

अकरा वाजले. काटा बत्तीसवर. पाण्याला बुडबुडे येत होते.

"वाऱ्याचा परिणाम," साहेब स्वतःशी म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

आता वेळेचं गणित जमेना. एका रंगाला एवढा वेळ, तर तीन रंगांना किती? साहेबांनी शांतपणे विचार केला. धुलाई चाळीसला सुरू होते. त्याआधी जे चाललंय ती धुलाई नव्हे, नुसती तयारी. तयारीत सगळे एकत्र बसायला हरकत नाही. चाळीस जवळ आलं की वेगळे करू. त्यांनी शालीचे जांभळे तुकडे पातेल्यात सोडले.

उरले पांढरे तुकडे. त्यांच्यापाशी मात्र हात थबकला. त्यांना मुलीचं लहानपणीचं लोकरी दुपटं आठवलं, कोपऱ्यात निळं रफू केलेलं. काल संध्याकाळी ते टेबलावर अख्खं पडलेलं त्यांनी पाहिलं होतं. आज त्याच जागी पांढऱ्या तुकड्यांची चवड होती. बाईंनी त्याला कात्री कशी लावली असेल, या विचाराने साहेबांना गलबलून आलं. त्यांनी चवड तशीच उचलून सगळ्यांत वर, अगदी अलगद ठेवली. अलगद ठेवलेली चवड अलगद बुडाली.

बाराला पाच कमी असताना दारावरची बेल वाजली. साहेबांनी घाईने गॅस बंद केला, बाटलीतलं व्हिनेगर ओतलं आणि दार उघडलं. दारात आक्का.

"चार वाजता बोलावलं होतं ना?"

"म्हणून तर बाराला आले. चारला येऊन काय दिसणार, जे ठरलं तेच. हा कसला वास, बाळ?" साहेब त्रेसष्ट वर्षांचे होते, पण आक्कासाठी बाळच.

तेवढ्यात पुन्हा बेल. दारात माई. "मला वाटलंच होतं, यांनाही बोलावलं असणार आणि या आधीच येऊन बसणार," माई म्हणाली आणि आक्काकडे न बघता आक्काच्या समोरच्या खुर्चीत बसली.

मग हॉलमध्ये जे वातावरण तयार झालं, त्याला हवामानशास्त्रात शब्द आहेत, पण साहेबांना त्या क्षणी ते आठवेनात.

"भाऊजी, माझी शाल दाखवा," माई म्हणाली.

"बाळ, आधी कोट."

साहेबांनी पातेलंच फडक्याने धरून हॉलमध्ये आणलं, तापमापक बांधलेला तोच डाव त्यात घातला आणि वर ओढला. बाहेर जे आलं ते पिवळं नव्हतं आणि जांभळंही नव्हतं. एक तुकडा मातकट सोनेरी होता, एक पिकलेल्या अंजिराच्या सालीसारखा. जे पांढरं होतं त्याला तांबूस, उन्हात तापलेल्या विटेचा रंग चढला होता. साहेबांना त्यातला एकही रंग दिसला नाही. त्यांना दिसलं ते दुपटं.

"आक्का, माई," ते खोल आवाजात म्हणाले, "चूक झाली. सगळं एकत्र उकळलं."

"उकळलं?" आक्का उठली.

"उकळलं?" माईही उठली. "लोकर उकळतं का कुणी?"

"काटा चाळीसवर येईना."

"कोणता काटा?" आक्काने डाव हिसकावून घेतला. सुतळीला लोंबणाऱ्या तापमापकाकडे तिने बघितलं. काचेवर वाफ होती. आत काटा बत्तीसवर. "अरे बावळटा, हा गेल्या हिवाळ्यातसुद्धा बत्तीसच दाखवत होता! मी शेगडी मागितली तर म्हणालास, आक्का, काटा बघ, उकडतंय."

"मलाही हेच सांगितलं होतं!" माई म्हणाली. "तीन दिवस सर्दीने नाक वाहत होतं माझं."

"लहानपणापासून हा असाच. दुधावर लक्ष ठेव म्हटलं की दूध उतू जाईपर्यंत लक्ष ठेवायचा."

"आमच्या बहिणीने कसे दिवस काढले असतील हो यांच्याबरोबर!"

"मी तर म्हणते, सोन्यासारखी तुमची बहीण म्हणून टिकली."

माईच्या चेहऱ्यावर चार वर्षांत प्रथमच काहीतरी सैल झालं. "तुम्ही बसा आक्का, दमलात. मी चहा टाकते. भाऊजींना नका सांगू, ते चाळीसला उतरवतील."

दोघी खदखदून हसल्या. साहेब मान खाली घालून उभे होते. एकतीस वर्षांत त्यांना बोलणी पुष्कळ बसली होती, पण दोन परस्परविरोधी वारे एकाच दिशेने वाहताना ते पहिल्यांदाच अनुभवत होते.

इतक्यात तरटाची गुंडाळी काखेत घेऊन बाई दारात आल्या. स्वयंपाकघरात आक्का, माई आणि एक किटली. तिघींचाही एकमेकींशी संबंध चांगला दिसत होता. बाई पातेल्यापाशी गेल्या. एकेक तुकडा उचलून त्यांनी खिडकीशी धरला. उजेडात, मग सावलीत, मग पुन्हा उजेडात. साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"सुरेख," बाई म्हणाल्या.

साहेबांनी एक डोळा उघडला.

"मुरलेत रंग. आता एकमेकांशेजारी बसतील. फक्त कुठला कुणाचा ते कळत नाही बाई मला."

"न कळायला काय झालं?" आक्काने तांबूस तुकडा उचलला. "हा माझ्या कोटाचा. ऊन लागल्यावर तो असाच दिसायचा. याचा कोंबडा कर."

माईनेही त्याच तुकड्याचं दुसरं टोक धरलं. "पोत बघा ना आक्का, शाल आहे ही. पण असू दे. कोंबडा याचाच हवा, यात वाद नाही."

"वाद नाहीच," आक्का म्हणाली. आपला कोटच कोंबडा होणार, म्हणून ती खूश. माई त्याच कारणाने खूश. बाईंनी दोघींच्या हातांतून तो तुकडा हळूच सोडवून घेतला आणि वाळत टाकला.

संध्याकाळी पाहुण्या गेल्या, एकाच रिक्षाने गेल्या. साहेबांच्या सदऱ्यावर जांभळे शिंतोडे उडाले होते, तो बदलायला त्यांनी कपाट उघडलं. मफलर ठेवायच्या खणात मफलर नव्हता. तिथे नीट घडी घातलेलं पांढरं दुपटं होतं. कोपऱ्यात निळं रफू.

साहेबांनी ते हातात घेऊन रफूवरून बोट फिरवलं. दुपारी बारापासून छातीवर बसलेला दगड उतरला, तो त्यांना उतरताना जाणवलासुद्धा. मग त्यांनी दुपटं होतं तसं ठेवलं, खण लावला आणि बाहेर आले. बाई चौकटीवर तरट ताणत होत्या.

"मफलर दिसत नाही कुठे," साहेब म्हणाले.

"थंडी कुठाय? बत्तीस आहे ना."

साहेबांनी तापमापक पुसून खिळ्याला अडकवलं. "उद्या दुरुस्तीला नेतो. काटा अडकलाय याचा. तुला माहीत होतं?"

"चार वर्षं रोज मीच पुसते ते," बाई तरटावरची नजर न काढता म्हणाल्या. "आणि दुरुस्ती कशाला? असू दे तसंच. आक्का आता त्यांचा पोपटी स्वेटर देणार आहेत, पडद्यांच्या झालरीसाठी."

महिन्याभराने मुलीच्या नव्या घरी सगळे जेवायला जमले. दारातच गालिचा होता. मातीच्या रंगाची पानं, अंजिरी सावल्या आणि मधोमध तांबूस, डौलदार कोंबडा. आक्काने मुलीला बाजूला घेऊन सांगितलं, "कोंबडा माझा हं." थोड्या वेळाने माईने दुसऱ्या बाजूला घेऊन तेच सांगितलं. मुलीने दोघींनाही मिठी मारली. मग फोटो काढला. या वेळी मुलगी अख्खी आली.

जेवणं झाल्यावर सगळे आत गप्पा मारत बसले. साहेब एकटे दाराशी आले. आज पाऊस येणार असं त्यांनी सकाळीच सांगितलं होतं, त्यामुळे बाहेर लख्ख ऊन होतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, बूट काढले, मोजे काढले आणि दोन्ही पाय कोंबड्यावर ठेवले.

ऊब अगदी ओळखीची होती.