चि. सौ. कां. मृणाल

घाडीकाका आपण छापलेल्या प्रत्येक लग्नाला जातात. बोलावणं असो वा नसो. 'पत्रिका पयली कोणाच्या हातात येता? माझ्या. मगे पयला आमंत्रण कोणाक?' असा त्यांचा सरळ सवाल. पत्रिकांचा गठ्ठा गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी ते वरची एक काढून घेतात, तिच्या कोपऱ्याला स्वतःच हळदकुंकू लावतात आणि स्वतःलाच देतात. लग्नाच्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कार्यालयात तिसऱ्या रांगेत हजर. मुलीकडच्यांना वाटतं मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटतं मुलीकडचे. अक्षता टाकायच्या, पाकीट द्यायचं, जेवायचं आणि निघायचं. लालबाग-परळातल्या कितीतरी अल्बमांत 'हे गृहस्थ कोण?' हा प्रश्न अजून सुटलेला नसेल.

भोईवाड्यात देवळामागच्या गल्लीत त्यांचा छापखाना आहे. एक गाळा, एक ऑफसेट मशीन आणि एकटे काका. वडील कोकणातून येऊन गिरणीत लागले, काका लहान वयातच छापखान्यात शिरले. लग्न मात्र केलं नाही. कारण विचारलं तर म्हणतात, 'लोकांची लावता लावता टायम गेलो.' त्यांच्याकडे चष्मे दोन. नाकावरचा मजकुरासाठी, कपाळावरचा माणसांसाठी.

मजकूर ते मोठ्याने वाचतात, भटजी मंत्र म्हणतात तसा. आणि वडीलधारं नाव आलं की त्यावर बोट ठेवून थांबतात. 'हयात आसत मा?'

या प्रश्नाशिवाय त्यांच्याकडून आजवर एकही पत्रिका बाहेर पडलेली नाही. ते उमेदवारी करत होते तेव्हा त्यांच्या हातून एका धडधाकट आजोबांच्या नावामागे 'कै.' पडलं होतं. ते आजोबा छापखान्यात आले, पत्रिका टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाले, 'फक्त तिथी सांगा. घरी विचारतायत.' तेव्हापासून काकांनी धसकाच घेतला. एकदा एका नवरदेवाच्या बापाला बायकोच्या गावच्या मामांबद्दल खात्रीने सांगता येईना. काकांनी त्याला तिथूनच गावी फोन लावायला लावला. फोन खुद्द मामांनी उचलला. नेमकं काय विचारायचं होतं ते ऐकल्यावर मामा लग्नाला आले नाहीत.

आता माझं सांगते. मी काळाचौकीला राहते. ऑफिसची नोकरी सुटल्यावर घरातल्या कॉम्प्युटरवर आमंत्रणं करायला लागले. बारसं, वास्तुशांत, साठी, लग्न. चित्र माझं, मजकूर माझा, पण छापणार कोण? सुरुवातीला दोन-चार जणांकडून छापून घेतलं. एकाने सत्यनारायणाचा 'सत्यनारयण' केला, दुसऱ्याने लाल म्हणून सांगितलेलं विटकरी दिलं. मग एका बाईंनी मुलाच्या लग्नाची मोठी ऑर्डर द्यायचं कबूल केलं आणि मला घाम फुटला. हे काम बिघडलं असतं तर धंदा तिथेच आटोपला असता. कायमचा एकच चांगला छापणारा धरायचा असं मी ठरवलं.

एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण मला हुशारी सुचली. मी छापणाऱ्यांची परीक्षा घ्यायची ठरवली. एक खोटी पत्रिका तयार केली. चि. स्वप्नील, चि. सौ. कां. मृणाल, दादरचं तोंडाला आलं ते कार्यालय आणि महिन्याभराने येणारी एक तारीख. त्यात मुद्दाम एक चूक पेरली. तारीख होती गुरुवारची, वार घातला बुधवार. बघू कोण पकडतंय. ही पत्रिका दोघांना द्यायची, पन्नास-पन्नास प्रती छापून घ्यायच्या आणि निकाल लावायचा. खोटी आहे हे मात्र कोणाला सांगायचं नाही, नाहीतर परीक्षा कसली?

पहिले लोअर परळचे. जुन्या गिरणीच्या आवारात काचेचं दार, आत गारेगार. तिथल्या मुलीने मला कॉफी दिली, पेनड्राइव्ह घेतला आणि दोन तासांत पन्नास पत्रिका हातात. देखण्या. सोनेरी छपाई तर अशी की बोट फिरवत राहावंसं वाटावं. बुधवार जसाच्या तसा.

दुसरे घाडीकाका. त्यांनी पत्रिका हातात घेतली, मोठ्याने वाचायला लागले आणि तिसऱ्या ओळीलाच म्हणाले, 'त्या तारखेक गुरवार येता गो.' मी मनातल्या मनात गुण दिले. मग त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उलटलं. 'आणि मुहूर्त खंय आसा त्या दिसाक?'

'काढीव मुहूर्त आहे,' मी दडपून दिलं.

'मुलाचे आजोबा, हयात आसत मा?'

'आहेत.' नसलेल्या माणसाला एवढ्या खात्रीने जिवंत ठेवताना मला जरा गंमतच वाटली.

'आणि मुलीच्या आवशीचा नाव खंय?'

मी गडबडले. मुलीला आई द्यायची मी विसरलेच होते. काका कपाळावरचा चष्मा खाली ओढून माझ्याकडे बघत होते. 'नाही त्या,' मी म्हणाले.

'वारली?'

'हो.'

काका हलक्या हाताने पत्रिका बाजूला ठेवून म्हणाले, 'बिनआवशीचा चेडू. छापूया, चांगला छापूया.' चेडू म्हणजे मुलगी. काकांचं बोलणं मालवणीच, आणि जीव गुंतला की ते आणखी दाट होतं.

त्यांनी पाच दिवस लावले. मधे दोनदा फोन. एकदा 'स्वप्नील'मधला 'नी' दीर्घच ना म्हणून, आणि एकदा मुलीच्या आईचं नाव 'कै.' लावून घालायचं का म्हणून. 'तिका बरा वाटात,' म्हणाले. मी म्हटलं, घरच्यांना नकोय. पत्रिका आल्या त्या स्वच्छ, सुबक आणि बिनचूक.

आणि मी काम लोअर परळला दिलं.

कारणं माझ्याकडे होती. पाच दिवस कोण थांबणार? गिऱ्हाइकाला 'हयात आहेत ना' कोण विचारणार? चूक काय, मी स्वतः तपासून देईन. ही सगळी कारणं मी आमच्या ह्यांना ऐकवली. ते म्हणाले, 'म्हणजे परीक्षेत पहिला आलेल्याला नापास केलंस.' मी म्हटलं, धंद्यातलं तुम्हाला कळत नाही. खरं म्हणजे मला ती कॉफी आणि ते काचेचं दार आवडलं होतं. लोअर परळला मी मॅडम होते, भोईवाड्यात 'गो'.

महिना गेला. खोटी पत्रिका मी विसरूनही गेले. एके दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर घाडीकाका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले, खिशात पाकिटाचं टोक. तो गुरुवार होता.

मी विसरले होते, पण काका कसे विसरतील? पहिली पत्रिका त्यांनी हळदकुंकू लावून स्वतःला दिलेली होती. ते दादरला त्या कार्यालयात जाऊन आले होते. तिथे साड्यांचा सेल लागला होता. काका साड्यांच्या ढिगाऱ्यांमधून स्टेजपर्यंत जाऊन आले, मॅनेजरला पत्रिका दाखवली, वरच्या मजल्यावर बघून आले आणि मग, मुहूर्त काढीव आहे, वेळ पुढे-मागे झाली असेल, म्हणून दोन तास खाली खुर्चीवर बसून राहिले.

आत आले, पाणी घेतलं आणि आवाज खाली करून विचारलं, 'मोडला काय गो?'

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. वाक्य छोटं होतं. पण समोर तो शर्ट होता आणि मी म्हणाले, 'हो काका. मोडलं.'

त्यांनी मान हलवली. का मोडलं, कोणी मोडलं, काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, 'कोणाकडे बोलू नको हां. चेडवाचा नाव खराब होता.' आणि पाकीट तसंच खिशात ठेवून जिना उतरले.

रात्री ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, 'जन्माला न आलेल्या मुलीची आई मारलीस, आता लग्नही मोडलंस. पुढे काय?' मी हसले नाही.

पुढे हे झालं की काकांनी त्या मुलीचा विषय सोडलाच नाही. भाजी घेताना भेटले तर पिशवी खाली ठेवून विचारायचे, 'जेवता मा?' मी म्हणायचे, जेवते. मग कणकवलीचं एक स्थळ सुचवलं. मुलगा बँकेत, आई स्वभावाने गरीब, सुनेला लेकीसारखं बघणारी. 'आवस गावात तिका,' म्हणजे आई मिळेल तिला, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मी ठेवणीतलं वाक्य फेकलं, 'सध्या तिला लग्नाचं नाव नकोय.' काकांचे डोळे भरून आले. एका खोट्या पत्रिकेपायी मी एका भल्या माणसाला खऱ्या दुःखात लोटलं होतं, आणि वर त्याला रोज नवा घास भरवत होते. मला स्वतःची किळस आली. भोईवाड्याकडे जाणारा रस्ता मी टाळायला लागले.

पुढे माझी निम्मी कामं काकांकडे जायला लागली. सगळी जातात असं लिहायला आवडलं असतं. पण आता सांगते ते त्याच्या आधीचं. एका सकाळी मी धीर करून छापखान्यात गेले, सगळं सांगून टाकायचं म्हणून.

मशीन बंद होतं. काका स्टुलावर बसले होते, मांडीवर जाड कागदांचा गठ्ठा, हातात कात्री. पत्रिका छापताना मशीन नीट लागेपर्यंत बरेच कागद फुकट जातात, ते कागद. मृणालच्या पत्रिकेचे. काका प्रत्येक कागदातून तेवढं एक नाव कापून काढत होते आणि ती चिटोरी एका पितळी डब्यात टाकत होते.

'रद्दीवालो मागता हा,' ते म्हणाले. 'जाड कागद भेळवाले नेतत, चमचे करूक. मोडलेल्या लग्नातला चेडवाचा नाव कोणाच्या भेळीत कित्याक जाऊचा?'

मी उभ्या उभ्याच बोलले. 'काका, मृणाल नाहीये.'

त्यांच्या हातातली कात्री थांबली. चेहरा पांढरा पडला. 'जिवाचा काय बरावाईट करून घेतल्यान?'

'नाही, नाही. मृणाल नव्हतीच कधी. मी बनवली. कोण चांगलं छापतं ते बघायला खोटी पत्रिका केली होती.'

काकांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, 'तिची आवस?'

'तीही नाही.'

'म्हणजे कोणाचा काय मोडूक नाय.'

'नाही काका.'

'बरा झाला,' ते म्हणाले, आणि त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की मला मान वर करवेना. मी ओरडा खायच्या तयारीने गेले होते. त्यांनी ओरडायला हवं होतं.

थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, 'परीक्षेचा काय झाला मगे?'

'काम दुसरीकडे दिलंय.' निदान हे तरी मी खरं सांगितलं. 'तुम्ही चूक पकडलीत. त्यांनी नाही पकडली. तरी त्यांना दिलं. मला लाज वाटते, काका.'

'कागद बरो असतलो त्यांचो,' काका म्हणाले. टोमणा असता तर सोसला असता. तो टोमणा नव्हता.

मग त्यांनी गठ्ठ्यातला पुढचा कागद उचलला.

'आता कशाला कापताय? खोटंच नाव आहे ते.'

त्यांनी कागद मांडीवर सरळ केला आणि माझ्याकडे निरखून पाहिलं. 'सुजाता, एक खरा सांग. माका बरा वाटाचा म्हणान तर सांगतंस नाय मा, चेडू नाय म्हणान?'

'नाही हो. शपथ घेते. ती खरंच नाही.'

'होय होय,' काका समजुतीने म्हणाले, आणि नावाच्या कडेने जपून कात्री चालवायला लागले.