डोंगरावरचे व्याही

"माणूस जेवायला येतोय, रमण. त्याला आधी टेकडी कशाला चढवायची?" चक्क्यात साखर कालवता कालवता सुलभाने विचारलं.

"इराणी माणूस आहे तो. डोंगर म्हणजे त्याचं माहेर!"

"माझं माहेर चिंचवडला आहे. मला कुणी जेवणाआधी एमआयडीसी दाखवली तर मी परत येणार नाही त्या घरी."

रमणने तिकडे साफ दुर्लक्ष केलं. प्रश्न त्यांच्या एकुलत्या एका मुलाच्या, नीलच्या लग्नाचा होता. नील आणि रोयाचं सगळं ठरलं होतं, फक्त रोयाच्या वडिलांचा होकार अडला होता. बेहरूझसाहेब हॅमिल्टन शहरात एका डेअरी कंपनीत केमिस्ट होते. बायको गेल्यावर त्यांनी एकट्याने मुलीला वाढवलं होतं आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय रोया पाऊल उचलणार नव्हती. ते नाहीही म्हणत नव्हते. नुसतं "पाहू" म्हणायचे.

पहिल्या भेटीत रमण-सुलभा त्यांच्या घरी गेले तेव्हा हवा, रग्बी आणि नीलचं कौतुक हे तिन्ही विषय चहा यायच्या आत संपले. मग रोयासकट चौघंही बराच वेळ गालिच्याकडे बघत बसले. तो गालिचा रमणच्या जिव्हारी लागला होता. म्हणून या वेळी त्याने तयारी केली. पापाकुऱ्यातल्या घरून ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये तो महिनाभर इराणचा इतिहास वाचत होता आणि त्यातून एक सिद्धांत घेऊन उतरला होता. इराणची साम्राज्यं उभी राहिली ती डोंगरांच्या जिवावर! झाग्रोसच्या रांगा म्हणजे तटबंदी, आत शिरायला मोजक्या खिंडी. वरचं बर्फ वितळलं की दऱ्यांत पाणी. मेंढ्यांमागे वर-खाली करणारी काटक माणसं. त्यांना एकत्र बांधणारा एखादा सायरस निघाला की खालच्या मैदानातली गडगंज राज्यं अलगद हातात.

"म्हणजे आपल्यासारखंच की!" रमण भर ट्रेनमध्ये म्हणाला होता. त्याचं तारुण्य सह्याद्रीतल्या गडांवर गेलं होतं. अजूनही कुठे उंचवटा दिसला की तो थांबायचा, कमरेवर हात ठेवायचा आणि सोबतच्यांना इतिहास सांगू लागायचा. सोबतचे हळूहळू कमी होत गेले होते, ही गोष्ट वेगळी.

"बाबा, प्लीज, नो लेक्चर्स," नीलने बजावलं. "ही इज अ क्वायट गाय."

बेहरूझसाहेब आले ते इस्त्रीच्या करड्या सुटात, चकाकत्या बुटांत, हातात मिठाईचा डबा घेऊन. रमणने त्यांना बसूसुद्धा दिलं नाही.

"जेवणाआधी जरा टेकडीवर जाऊन येऊ या?"

बेहरूझसाहेबांनी छातीवर हात ठेवला. "आपली इच्छा तीच माझी."

इराणी रीतीत यजमानाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, आणि मराठी आग्रहात समोरच्याचं पहिलं उत्तर ऐकायचंच नसतं. अशा दोन सभ्य माणसांना खरं तर एकटं सोडू नये. रोया काहीतरी सांगायला पुढे झाली, पण वडिलांनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

टेकडीच्या पायथ्याशी पाटी होती : दरड कोसळल्याने वाट बंद. बेहरूझसाहेबांचा चेहरा एकदम खुलला.

"अरेरे! चला, परत जाऊ."

"छे छे! तुमचा असा हिरमोड होऊ देईन का मी?" रमणने बाजूचं मेंढ्यांचं कुरण गाठलं. कुंपण ओलांडताना व्याह्यांची पँट तारेत अडकून गुडघ्यावर फाटली.

"लागलं का हो?"

"आपल्या सहवासात कळलंसुद्धा नाही."

पुढे चिखलाने त्यांचा एक बूट गिळला. रमणने तो उपसून काढला, झटकून हातात दिला आणि झाग्रोसचे मेंढपाळ कसे अनवाणी हिंडत असतील ते सांगितलं. बेहरूझसाहेब बोलायचेच थांबले. मातृभूमीच्या आठवणीने गहिवरले असतील, असं रमणला वाटलं.

माथ्यावर भन्नाट वारा होता. रमणने दोन्ही हात पसरले. "सांगा आता! घरी आल्यासारखं वाटतंय ना?"

त्याने वळून पाहिलं. बेहरूझसाहेब सर्व्हेच्या खांबाला मिठी मारून, डोळे गच्च मिटून उभे होते.

"रमणसाहेब, मी अबादानचा."

"मग?"

"अबादान पाटासारखं सपाट आहे. तिथे सगळ्यात उंच काय, तर रिफायनरीचं धुराडं. मला उंचावर चक्कर येते हो! त्या सपाट हॅमिल्टनला राहतो ते उगाच?"

"अहो, मग आधी नाही का सांगायचं?"

"आपण इतक्या प्रेमाने विचारलंत..."

रमणला कळून चुकलं. पोराचं लग्न आपण आपल्या हाताने मोडलं. तेही पोराने नको म्हटलेलं असताना.

"डोळे मी उघडणार नाही," बेहरूझसाहेब म्हणाले. "हात धरा आणि बोलत राहा. तुम्ही थांबलात की मला दरी आठवते."

रमणने त्यांचा हात घट्ट धरला आणि बोलू लागला. सायरस झाला, दारियस झाला. सिकंदराला महिनाभर रोखून धरणारी खिंड झाली. इतका कान देऊन ऐकणारा श्रोता त्याला जन्मात मिळाला नव्हता. पण महिनाभराचं वाचन ते केवढं! अर्ध्या उतारावरच साम्राज्य संपलं.

"बोला!" बेहरूझसाहेब किंचाळले. "पुढे?"

"पुढे... पुढे आमचा नील!" रमणच्या तोंडून निघून गेलं. "लहानपणी पाण्याला घाबरायचा. पोहायची टॉग्ज घालून पूलच्या काठावर रडत बसायचा."

"मग?"

"दगड आहे, जपून. मग युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षी नापास झाला. आम्हाला सहा महिने सांगितलं नाही."

"पुढे?"

"रागावला की भांडत नाही. दोन-दोन दिवस तोंड मिटून बसतो. आईने भजी तळली की मगच बोलतो. पसारा तर विचारू नका."

आपण काय बोलतोय हे रमणला कळत होतं. पण थांबला की बेहरूझसाहेब जागीच खिळायचे, आणि त्याला त्या माणसाची भारी दया येत होती. त्याने मुलाची एकही खोड शिल्लक ठेवली नाही.

खाली सपाट गवत आलं. बेहरूझसाहेबांनी डोळे उघडले, कोट झटकला.

"चूक माझी आहे," रमण म्हणाला. "तिची शिक्षा मुलाला देऊ नका. पोरगा चांगला आहे हो माझा."

"हेच! वर्षभर हेच ऐकतोय मी. रोयाला विचारतो, त्याच्यात खोट काय? काहीच नाही. मागे तुम्ही दोघं आलात, तुम्हीही तेच. एकच मुलगी आहे मला. ज्याची खोट कुणीच सांगत नाही त्याच्या हाती ती कशी देऊ? झोप लागायची नाही रात्री." मग ते प्रथमच हसले. "आज कळलं. रागावला की भजी."

"म्हणजे?"

"म्हणजे हो."

रमणचे डोळे भरून आले. दोघंही चिखलाने माखलेले होते, त्यामुळे मिठी मारायला कुणालाच संकोच वाटला नाही.

तासाभराने बेहरूझसाहेब रमणची ट्रॅकपँट घालून सुलभाच्या आग्रहाला बळी पडत होते. लग्न हॅमिल्टनलाच होईल एवढी एकच अट त्यांनी घातली होती.

"बाबा, व्हॉट डिड यू इव्हन टेल हिम?" नील कुजबुजला.

"इराणचा इतिहास," रमण ताटातून मान वर न करता म्हणाला. "डोंगरांचं महत्त्व."

"अँड दॅट वर्क्ड? स्वीट ॲज!" नील खूश झाला.

एवढ्यात बेहरूझसाहेबांनी नीलच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. "आणि बेटा, झोपताना तुला जळता दिवा लागतो त्याची लाज वाटू देऊ नकोस. रोयालाही लागतो."

नीलने सावकाश मान वळवून वडिलांकडे पाहिलं. रमणला अचानक स्वयंपाकघरातून पाणी आणावंसं वाटलं.