देऊळ दोन बोटं डावीकडे

आमचा शेजारी अर्जुन पेंटर समुद्राची चित्रं काढतो आणि त्यात समुद्र नसतो. म्हणजे असतो, पण तळाला दोन बोटं, लुगड्याच्या काठासारखा. बाकी सगळी जमीन. डोंगर, माड, एक चिंच, एक देऊळ. खाली झोकदार अक्षरात 'मालवणचा समुद्र' लिहिलेलं असतं म्हणून कळतं.

एकदा मी विचारलं, "रे अर्जना, ह्येच्यात समुद्र खंय आसा?"

"वैनी, समुद्रार बसान समुद्र कोण बघता? माणसां जमीन बघतत."

असं बोलायचं, डावा डोळा मिटायचा आणि ब्रश हवेत उभा धरायचा. समोर माणूस असो की म्हैस, मापून घ्यायचं. माझ्या नवऱ्याच्या तेराव्याला त्याने भटजींना असंच मापलं. भटजी बिचारे भात कालवायचे थांबले.

धंद्याने तो होड्यांवर नावं लिहिणारा. वाडीतली प्रत्येक होडी त्याच्या अक्षरात तरंगायची. मग बाजारात चिकटवायची रेडियमची अक्षरं आली, होडीवाले त्याला विसरले, आणि हा एका पावसाळ्यात एकदम कलाकार झाला. लग्न केलेलं नव्हतंच. कोणी आली असती तर पहिल्या दिवशी मापली गेली असती आणि दुसऱ्या दिवशी माहेरी.

अकरा चित्रं काढली. अकराही चित्रांत तेच देऊळ, तीच चिंच, तोच डोंगर. मी म्हटलं, "कंटाळो येणा नाय?" तर म्हणतो, "देव कंटाळलो तर सांगात." घर चित्रांनी भरलं. झोपायला जागा उरली नाही तेव्हा विकायचा विचार सुचला.

हे दोन हजार आठच्या सुमाराचं. माझी सून शुभांगी मालवणात कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायची. ती म्हणाली, काका, नेटवर फोटो टाकूया, लोक घरबसल्या बघतात आणि घेतात. फोटो काढायच्या दिवशी हा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून चित्राच्या बरोबर पुढे उभा राहिला.

"काका, चित्र दिसाक व्हया. तुमी नाय."

"चित्र काढलां कोणी तां गिऱ्हायकाक कळाक नको?"

पहिला फोटो चढवायच्या दिवशी नारळ घेऊन क्लासवर हजर. होडी पाण्यात घालताना नारळ देतात, मग चित्र घालताना का नको? कॉम्प्युटरपुढे उभं राहून गाऱ्हाणं घातलं, "बा देवा महाराजा, ह्यां लेकरू आज चित्रां इकूक बसलां हा, तेका येस दी रे महाराजा!" टायपिंग करणाऱ्या पोरी एका सुरात ओरडल्या, "होय महाराजा!" लेकरू बासष्ट वर्षांचं. नारळाचं पाणी कीबोर्डवर सांडलं आणि क्लासच्या मालकाने शुभांगीला जे सुनावलं ते तिने मला अजून पूर्ण सांगितलेलं नाही.

मग रोज संध्याकाळी आमच्या दारात. "शुभांगी, कोणाचा काय इलां?" पुण्याच्या एका बाईने लिहिलं की आमचा सोफा निळा आहे, चित्रात थोडा निळा रंग वाढवता येईल का? ह्याने उत्तर तोंडी सांगितलं, कचेरीतल्या मराठीत: "सप्रेम नमस्कार. आपले पत्र पावले. कृपया सोफा बदलून घ्यावा." शुभांगीने तसंच पाठवलं. तीही आमच्याच घरातली.

शेवटी मुंबईच्या एका डॉक्टरने दवाखान्यात लावायला एक चित्र मागितलं. पेंटरने वाडीत प्रत्येकाला तीनदा सांगितलं. मला पाचदा, भिंत सामाईक असल्यामुळे. वर शुभांगीकडून नेटवरच्या चित्राचा कागद छापून घेतला आणि बंदरावर मासळीच्या लिलावात सगळ्यांना दाखवत फिरला.

तिथेच घात झाला. होडीचा म्होरक्या बाबल तांडेल, त्याने तो कागद हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही. संध्याकाळी चार माणसं घेऊन पेंटरच्या दारात आला.

आता हे ऐकून घ्या. दर्यात मैलाचे दगड नसतात. पाण्याखाली एक खडप, म्हणजे खडकाचा पट्टा आहे, त्यावर तांबोशी मासळी मिळते. ते शोधायचं तर जमिनीकडे बघायचं. देवळाचा कळस डोंगराच्या खाचेत नेमका बसला आणि चिंच कड्यापासून सुटी दिसली की नांगर टाकायचा. याला खूण म्हणतात. बाप मुलाला सांगतो तो होडीत बसून. जमिनीवर कोणाला सांगत नाहीत, बायकोला तर नाहीच. त्या खडपावरची तांबोशी मी चाळीस वर्षं विकली, पण ती कुठून येते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आणि आमच्या पेंटरने ती खूण अकरा वेळा रंगवून साऱ्या जगापुढे टांगली होती.

"पेंटरा, ही खूण तुका कोणी सांगली?"

"कोणी नाय. मी बघलंय."

"तू बघलंस? गुडघ्याइतक्या पाण्यात तू उतरणस नाय!"

ते खरं होतं. तांडेलाचा मुलगा असून दर्यात न जाणारा, म्हणून वाडीने त्याचं नाव 'सुको बांगडो' ठेवलं होतं. मीही तेच म्हणायची.

पेंटर म्हणाला, "बाबांवांगडा गेल्लंय. आठ वर्सांचो होतंय. एकदाच."

बापाबरोबर होडीत बसला तो बंदर सुटल्यापासून ओकत होता म्हणे. बाप चिडेल असं वाटलं, तर बापाने मांडीवर घेतलं, मान धरून जमिनीकडे वळवली आणि म्हणाला, पाण्याकडे बघू नको, देवळाकडे बघ, थांबतलां. सकाळपासून दुपारपर्यंत हा देवळाकडे बघत बसला. ओकारी थांबली नाही.

"दुसऱ्या दिसा भावाक घेवन गेले. माका परत कधी नेल्यानी नाय."

बाबलबरोबरची माणसं पायाकडे बघायला लागली. बाबल मात्र तांडेल. "तां सगळां खरां. पण भायरच्या ट्रॉलरांका ह्यां कळलां तर एका हंगामात खडप साफ होतलां. आमच्या पोरांनी खावचा काय? तू चित्रां इक, आमचा काय म्हणणां नाय. पण देऊळ सरकव. दोन बोटां डावीकडे."

मला वाटलं, आता भांडण. सोफा बदलायला लावणारा माणूस हा. पण तो रंगाचे डबे काढायला आत गेला. शुभांगीने त्याच रात्री नेटवरचे आणि कॅमेऱ्यातले सगळे फोटो पुसले. बंदरावरचा कागद बाबलने चुलीत घातला.

आठ दिवस पेंटर देऊळ सरकवत बसला. मी म्हटलं, "एक ऱ्हवांदे तसांच. घरात कोण बघता?"

"एक ऱ्हवलां तर तांच बघान परत काढतलंय, वैनी."

अकराच्या अकरा सरकवली. देवाने इतक्या बदल्या कधी भोगल्या नसतील. डॉक्टरचं चित्र एस.टी.च्या पार्सलने गेलं. त्याला फार आवडलं, बघून मन शांत होतं असं लिहिलं. शुभांगीने नवे फोटो चढवले तशी आणखी चार गेली, एक तर दुबईला. शुभांगी बातमी घेऊन गेली की पेंटर "बरां" म्हणायचा. वाडीत कोणाला सांगायला गेला नाही. मला एकदाही नाही.

महिन्याभराने दुपारी मी मागीलदारी कोळंबी सोलत होते. तो येऊन पायरीवर बसला. हातात ब्रश नव्हता.

"वैनी, खऱ्यातलां देऊळ खंय होतां गो?"

"म्हणजे?"

"आता डोळे मिटलंय काय सरकवलेलांच दिसता. आदलां दिसणा नाय."

"मगे बाबलाक सांग. होडयेत बसयतलो, दाखयतलो. एकदा ओकलंस तर मराचंस नाय."

"बाबल होडयेवरना दाखयतलो," तो म्हणाला. "माका बाबांच्या मांडयेवरना दिसाक व्हया."

माझ्या तोंडी उत्तर नेहमी तयार असतं. त्या दिवशीही एक होतं. मी अर्धी कोळंबी त्याच्यापुढे लोटली. त्याने ती इतकी वाईट सोलली की निम्मी फुकट गेली. मी आणखी मूठभर पुढे लोटली.