टाकीवरची छत्री

रोहिणीचा सामना पाचला होता आणि चार वाजून गेले तरी झुंबर टीव्हीची छत्री घेऊन पाण्याच्या टाकीवरच होता. लेक पहिल्यांदाच राज्याच्या कबड्डी संघात खेळणार, तेही टीव्हीवर! मोबाइलवर नुसतं चाक फिरत होतं. शेळगावच्या शिवारातल्या त्या वस्तीवर घरं दोनच. दुसरं रामहरीतात्याचं, आणि कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून त्याच्याशी दिवाळीपासून अबोला.

खरं तर तात्याचा शेवगाच छत्रीच्या आड आला होता. पण 'फांदी तोडा' म्हणायला बोलावं लागतं. त्यापेक्षा झुंबरनं छत्रीच कठड्यावरून टाकीवर चढवली. उंची बदलली म्हणजे दिशाही बदलणार, असा त्याचा हिशेब. मग तात्याच्या छत्रीकडे चोरून बघत त्यानं आपली तशीच वळवली.

"दिसतंय का गं?"

"न्हाय!" खालून त्याची बायको छबूबाई ओरडली.

त्यानं पुन्हा बघितलं, तर तात्याची छत्री हललेली. यानं फिरवली. थोड्या वेळानं बघतो, तर ती पुन्हा हललेली! असं चारदा झाल्यावर झुंबरचा अबोला संपला.

"ओ तात्या! एका जागी ठेवा की ती! तुमचं बघून लावतोय मी!"

तात्या छत्रीमागून उठला. "आन् मी तुमचं बघून! माझी वानरांनी फिरवलीया, चार दिस झालं."

तेवढ्यात छबूबाई जिना चढून आली. "छत्री वर चढली म्हणून आभाळ हललं व्हय? खाली होती तवा तोंड देवळाच्या कळसाकडं होतं. रोज कपडं वाळत घालताना बघतीया मी."

कळसाकडे तोंड केलं आणि खाली टीव्ही बोलू लागला. झुंबर आनंदानं नट आवळायला गेला आणि नट सुटून टाकीत पडला. हात काढला की चित्र गायब, धरलं की हजर. पाचला पाच कमी होते.

तात्या धापा टाकत टाकीवर आला. "सरका. मी धरतो."

"आवो, पण तुमी..."

"लेक कुणाची हाय? उतरा खाली!"

झुंबर उतरला. अख्खा सामना तात्या टाकीवर छत्री धरून उभा होता. रोहिणीनं शेवटच्या चढाईत दोन गडी टिपले, तेव्हा खालचा ओरडा ऐकून तोही ओरडला, पण हात हलू दिला नाही. मग कुणीतरी रोहिणीपुढं माईक धरला. ती म्हणाली, "आईआप्पांमुळं खेळले. आणि आमच्या रामहरीतात्यांमुळं. त्यांच्या खळ्यातच मी कबड्डी शिकले."

झुंबर धावतच टाकीवर गेला. "तात्या, पोरीनं तुमचं नाव घेतलं. टीव्हीवर!"

"माझं?" तात्याचे हात आपोआप सुटले. "काय म्हणली?"

झुंबरनं सगळं सांगितलं. या माणसाशी आपण इतके महिने बोललो नाही, याची त्याला लाज वाटली. तात्यानं उपरण्यानं डोळे पुसले. "मला मेल्याला बघायला न्हाय मिळालं."

"सकाळी सातला परत दावणार हायत. तुमी खाली छबूजवळ च्या घेत बसा," झुंबर म्हणाला. "उद्या छत्री मी धरतो."

टाकीत पडलेल्या नटाचं नाव दोघांनीही काढलं नाही.