आबांनी खातं हलवलं

रंगाच्या एका बड्या कंपनीची वार्षिक सभा मुंबईत चालू असते, मोबाईलवर दिसत असते, आणि आमच्या भवानीनगरात शेजारच्या ओट्यावरून आरोळी उठते, "मंजूर! मंजूर!" आबांचा माईक बंद असतो, मुंबईत कुणाला काही ऐकू जात नाही. तरी हणमंतआबा प्रत्येक ठरावाला हात वर करतात. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर टोपी आणि पायांत चपला. घरच्या ओट्यावर चपला कशाला, असं मी एकदा विचारलं, तर माझ्यावरच डाफरले.

"सभंला अनवाणी जात्यात व्हय?"

आबांचा जन्म गेला साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. निवृत्त झाल्यावर त्यांनी रंगाच्या, साबणाच्या अशा कंपन्यांचे थोडे शेअर घेतले. आता आमच्या भागात शेअर म्हणजे सभासद, आणि सभासद म्हणजे दिवाळीला सवलतीची साखर. त्यामुळं साबणाच्या कंपनीला आबांनी फोन लावून विचारलं, सभासदांचा साबण कधी वाटणार? तिकडची मुलगी हिंदीत गोड काहीतरी बोलली आणि तिनं फोन ठेवला.

"न्हाय देत. संचालक मंडळ चिकट हाय," आबांनी निकाल दिला. पण शेअर विकतील तर शपथ!

गुरुवार मात्र आबांचा. गुरुवारी बारामतीचा बाजार. मी तिथल्या कॉलेजात शिकवते, म्हणून आबा माझ्या स्कूटरवर मागं बसून यायचे. ते ज्या ब्रोकरकडून शेअर घ्यायचे, त्याचं ऑफिस एका जिन्यावर होतं. तिथं टोपीवाली चार मंडळी स्क्रीनपुढं बसायची. आकडा लाल झाला की हळहळायची, हिरवा झाला की चहा सांगायची. खरेदी-विक्री कुणीच करायचं नाही! संध्याकाळी मी न्यायला गेले, की आबांचा चेहरा असा फुललेला असायचा की विचारू नका. घरी आले की पुढच्या गुरुवारपर्यंत एकटेच. बायको, आमच्या मावशी, वारलेल्या; मुलगा पुण्यात.

आणि एक दिवस ते ऑफिसच बंद झालं. कुलूप, आणि वर पाटी : आता सर्व सेवा ॲपवर. आबा जिन्यात उभेच राहिले.

"मास्तरीणबाई, खातं हलवायचं," स्कूटरवर बसता बसता म्हणाले. "कारखाना नीट वागंना, तर ऊस दुसऱ्या कारखान्याला घालतोच की आपण!"

मला तर हुरूपच आला. घरी येऊन मी बसल्या बसल्या चार ॲप शोधली. दलाली नावापुरती, सगळं फुकटात जमा. आबांनी माझा फोन हातात घेतला, उलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्यात बसायचं कुठं?"

मग सुरू झाली आमची वरात. नवा ब्रोकर बघायला आबा असे जायचे, जसं स्थळ बघायला जातात. इंदापूरला एक ऑफिस पाहिलं, काचेचं, गार. "खुर्च्या दोनच हायेत, आन त्या पन त्यांच्याच." नापास. बारामतीत एक पाहिलं. तिथला पोरगा मान वर न करता बोलला. नापास. तिसरं बारामतीतच, एका खताच्या दुकानाच्या वर होतं. आत भिंतीला लावलेलं लांब बाकडं आणि टेबलामागं सुनंदाताई.

"या आबा, बसा. उन्हातनं आलाय, आधी पानी घ्या."

आबा बसले ते बसलेच. मी दलाली विचारली. ऐकून माझं डोकंच फिरलं.

"आबा, अहो हे किती जास्त आहे! डोळे उघडे ठेवून खड्ड्यात उडी मारताय!"

"मारू द्या की," आबा पाण्याचा पेला ठेवत म्हणाले. "खड्डा माझा हाय."

सह्या झाल्या, कागद कुरिअरनं गेले. आणि मग आली ती सकाळ! जुन्या खात्यातून शेअर निघाल्याचा मेसेज आला. नव्या खात्यात बघतो तर काही नाही.

"गेलं कुठं?"

"वाटेत असतील आबा."

"वाटंत म्हंजी? पाटसला का भिगवणला?"

मी हसून लोळायची बाकी राहिले. पण आबांचा जन्म काट्यावर गेलेला. गाडी निघाली आणि पोचली नाही, हे त्यांना सोसेना. दिवसभर ओट्यावर येरझाऱ्या. हायवेकडून एखादा टेम्पो वळला की मान उंच. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा तास चालू असताना फोन आला.

"आलं! समदं आलं! एक सुदिक सांडला न्हाय!" एवढ्या मोठ्यानं ओरडले की पहिल्या बाकावरच्या पोरी दचकल्या. मीही वर्गात ओरडले, "आले?" आणि मग सगळा वर्गच हसायला लागला.

गुरुवारी आबा कंदी पेढे घेऊन निघाले. सुनंदाताईंना दिले, बाकड्यावरच्या अनोळखी म्हाताऱ्यांना दिले, खताच्या दुकानात दिले. सुनंदाताई कौतुकानं म्हणाल्या, "आबा, आता तुमाला हितं यायचीबी गरज न्हाय. काय लागलं तर घरबसल्या मी करून देईन."

आबांच्या हातातला पेढा तसाच राहिला.

"येनार की मी," ते म्हणाले. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, एक काम करशील? एखाद्या गुरुवारी मी आलो न्हाय, तर फोन करायचा. शेअरचं काय सांगू नगंस. का आला न्हाईत, एवढंच इचार."

बाकडंच्या बाकडं आमच्याकडं वळलं.

"करीन की आबा," सुनंदाताई म्हणाल्या. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पन तुमी उचललाच न्हाय तर?"

आबांनी जराही विचार केला नाही. सरळ माझ्याकडं बोट केलं.

"तर हिला लावायचा. भिंतीला भिंत हाय आमची. ही पळत यील."

सुनंदाताईंनी पेन उचललं. मी माझा नंबर सांगितला, आणि बरोबर लिहिलाय का ते वाकून दोनदा पाहिलं.