जेवणानंतर एक गोळी

भातकुलीच्या किसनरावांना लकव्याचा झटका आला, तसं मुलाने, मनोजने, त्यांना अकोल्याला आपल्या घरी आणलं आणि एक साधासा निर्णय घेतला: अमरावतीच्या दवाखान्याच्या मेसेज सेवेत बाबांचा नंबर द्यायचा. बीपीच्या गोळ्या नेमाने घेतल्या तर महिनाभराने बाबा आपल्या शेवंतीच्या मळ्यात परत जाणार होते. चुकल्या तर दुसरा झटका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

सकाळी मोबाईल वाजला. 'जेवणानंतर एक गोळी घ्या.'

"रागिणी, ताट वाढ," किसनरावांनी सुनेला हाक मारली.

"मामाजी, आताच तं जेवले ना तुमी!"

"ते मेसेजच्या आंधी. मोबाईल जेवनानंतर म्हनते. दवाखान्याचं आयकू का तुह्यं?"

"वाढ वं," मनोज घाबरून म्हणाला. "गोळी चुकाले नाही पायजे!"

"अन् मी काय एकटाच जेवू? बस सोबतीले!"

वडिलांना एकटं जेवू देणारा मुलगा वऱ्हाडात अजून जन्माला यायचा आहे. मनोज (नुकताच भरपेट जेवून ऑफिसला निघालेला) पुन्हा ताटावर बसला. किसनराव दोन घास खायचे, गोळी गिळायचे आणि हात धुवायचे. उरलेलं ताट रागिणी मनोजपुढे सरकवायची. अन्न टाकलेलं तिला खपत नसे, म्हणून तेही मनोजच संपवायचा.

दुपारी तेच, रात्री तेच. दुपारी तो खास स्कूटरवरून घरी यायचा, कारण त्याच्याशिवाय बाबा घासाला हात लावत नव्हते. झुणका, ठेचा, भरीत, वर लोणचं! पँटच्या बटणाने राजीनामा दिला. साहेबांसमोर ढेकर आला. पण गोळी एकही चुकली नाही.

महिन्याने अमरावतीला तपासणी झाली. किसनरावांचं बीपी उत्तम! "जा बाबा, सांभाळा तुमची शेवंती," डॉक्टर म्हणाले. आनंदाने मनोजचे डोळेच भरून आले. तो उठला आणि भोवळ येऊन धपकन खाली बसला.

सिस्टरने त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला आणि आकडा बघून डॉक्टरांना परत बोलावलं.

"यांनाही गोळी सुरू करा," डॉक्टर म्हणाले.

"नंबर सांगा, मेसेज येईल," सिस्टर म्हणाली.

"मले बी जेवनानंतरच ना?" मनोजने आशेने विचारलं.

"नाही. रिकाम्या पोटी."

किसनराव पोटभर हसले. "सिस्टरबाई, याच्या गोळीले तं मंग मुहूर्तच काढा लागते!"