तात्यांचा बल्ब आणि माझी शाल

आमचे शेजारी गणपततात्या चहाच्या कपालासुद्धा टेस्टर लावत. निवृत्त वायरमन! मांडवाचा खांब असो, एसटीचा दांडा असो, नाहीतर आहेरात आलेली समई. तात्यांच्या खिशातून टेस्टर निघायचाच. कुणी हसलं की म्हणायचे, "करंट खोटं बोलत नाय. माणूस बोलतो."

मी पोलादपूरच्या शाळेत मास्तर. गावच्या मुंबईकरांनी शाळेला एक जुना कंप्युटर दिला. मी सहा महिन्यांचा कोर्स केलेला, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. नारळ फोडला, हार घातला. पण दुपारचा तास सुरू झाला की बेटा फट्‌दिशी बंद! पोरं "गेला, गेला" ओरडत. गणपतीत मुंबईकर बघायला येणार होते. मुख्याध्यापकांनी बजावलं, "चालला नाही तर दुसऱ्या शाळेला देतील." माझी झोपच उडाली.

तात्या न बोलावता आले. कंप्युटरशेजारी एक साधा बल्ब लावला आणि टक लावून बसले. थोड्या वेळाने बल्ब मंदावला आणि त्याच क्षणी कंप्युटर गेला.

"बघा मास्तर! दत्तूची भाताची गिरण चालू झाली, व्होल्टेज पडलं. यातला सप्लाय, वीज देणारा डबा, म्हातारा झालाय. जवान असता तर एवढा दम काढला असता."

माझ्याच वर्गात वायरमनने मला कंप्युटर शिकवावा? झोंबलं मला. "तात्या, हा कंप्युटर आहे, खांबावरचा दिवा नव्हे. उचला तुमचा बल्ब!"

पोरं खिदळली. तात्यांनी बल्ब पुसला, पिशवीत ठेवला आणि निघून गेले.

मग मी सप्लायचा डबा काढून धूळ झटकली, वायरी घट्ट बसवल्या. दुसऱ्या दिवसापासून कंप्युटर बंद पडायचं नाव घेईना! काय फुगलो होतो मी! मुंबईकरांनी मला शाल दिली. टाळ्या वाजवण्यात तात्या सगळ्यांच्या पुढे.

नंतर एकदा मधल्या सुट्टीत भात भरडायला दत्तूकडे गेलो, तर गिरण बंद.

"शाळा सुटेस्तोवर तात्या मोटार चालू करू देत नाय," दत्तू म्हणाला. "माझा खोळंबा होतो म्हणून संध्याकाळी सोता पोती उचलू लागतात. मास्तरांना सांगू नको म्हणाले, त्यांना वाईट वाटंल."

सत्तरीचा माणूस माझ्यासाठी पोती उचलतोय आणि मी शाल मिरवतोय! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शाळा सुटल्यावर शाल घेऊन तात्यांकडे गेलो. मला पाहून तात्या लगबगीने उठले. "काय मास्तर, बिघाड हाय? येऊ?"

टेस्टर हातात आलासुद्धा. निवृत्त झाल्यापासून त्यांना कुणी बिघाडाला बोलावलंच नव्हतं, आणि मी तर आपणहून आलेल्या तात्यांना हाकललं होतं.

"बिघाड नाही, तात्या. मी चुकलो. कंप्युटर तुमच्यामुळे चालतोय. ही शाल तुमची. उद्या पोरांसमोर मी हे कबूल करतो, आणि तुम्ही बल्ब लावून दाखवा."

तात्यांनी शालीकडे पाहिलंही नाही. आत गेले ते बाहेर येईनात. रागावले असं वाटून मी डोकावलो. तात्या खाटेवर बसून कामावरच्या जुन्या खाकी शर्टाला बटण लावत होते. सुईत दोरा काही जात नव्हता. मी मान खाली घालून तो ओवून दिला.

"उद्या म्हणालात ना, मास्तर?" त्यांनी विचारलं. "किती वाजता येऊ?"